स्टारी नाईटमध्ये खरंच टर्ब्युलन्स आहे का? पाण्यावर काम करणाऱ्याचं उत्तर

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत, म्हणून आधी सुटे करतो. तुम्ही शाळेत चित्रकला शिकवता, नववीच्या वर्गात व्हॅन गॉगचं 'स्टारी नाईट' दाखवलं तर एका पोरानं रील दाखवलं की या चित्रात टर्ब्युलन्सचं, म्हणजे पाण्या-हवेच्या विस्कळीत, भोवऱ्यांनी भरलेल्या वाहण्याचं गणित तंतोतंत दडलंय, जे शास्त्रज्ञांना पन्नास वर्षांनी सापडलं. हे वर्गात खरं म्हणून सांगायचं का? दुसरं, त्याच रीलमध्ये भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग देवाला टर्ब्युलन्सबद्दल विचारणार होता असं आहे, म्हणजे हा विषय कुणालाच कळलेला नाही का? आणि तिसरं, विमानात पट्टे बांधा म्हणतात तो टर्ब्युलन्स हाच का वेगळा?

मी हायड्रॉलिक्सवाला माणूस. धरणांचे सांडवे, कालवे, पंपहाऊस यात आयुष्य गेलं, त्यामुळे चित्राच्या थोरवीबद्दल मी बोलणार नाही, ते तुमचं खातं. पण वाहत्या पाण्यात प्रोब, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, धरून त्याचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या मापाच्या भोवऱ्यात किती ऊर्जा आहे त्याचा आलेख, काढणं हा रोजचा धंदा आहे, आणि रीलमधला दावा नेमका स्पेक्ट्रमचाच आहे.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. चित्रात टर्ब्युलन्स नाही, असूही शकत नाही, कारण चित्र हलत नाही. टर्ब्युलन्सशी काही बाबतीत जुळणारी रचना आहे का, तर थोडीफार असेल, पण किती ते तुम्ही कुठून कुठपर्यंत आणि काय मोजता यावर ठरतं, आणि तिथेच भांडण आहे.

आता टर्ब्युलन्स म्हणजे काय ते बघू, कारण रीलमध्ये फक्त गोल गोल फिरणं म्हणजे टर्ब्युलन्स असं दाखवतात आणि ते चूक आहे. बेसिनमधलं पाणी निचरताना होणारा एक सुबक भोवरा म्हणजे टर्ब्युलन्स नव्हे. घरचा नळ अगदी थोडा उघडा, धार इतकी स्थिर असते की वाहतेय का थांबलीय कळत नाही, अजून उघडा आणि एका टप्प्याला ती खरखरीत होते, थरथरायला लागते. ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची बारीक रेघ सोडून हेच नीट तपासलं. कमी वेगाला रेघ सरळ, वेग वाढवला की एका जागी ती अचानक फिसकटते आणि सगळी नळी रंगीत होते. हे कधी होणार ते वेग, नळीची रुंदी आणि द्रवाचा चिकटपणा मिळून ठरतं, त्याचा एक आकडा येतो, त्याला रेनॉल्ड्स नंबर म्हणतात, आणि नळीसाठी तो साधारण २३०० च्या पुढे गेला की गडबड सुरू. अर्ध्या इंची पाइपात पाणी सेकंदाला २० सेंटिमीटर वेगानं गेलं तरी हा आकडा अडीच हजारावर जातो, म्हणजे घरातल्या पाइपांतही बहुतेक वेळ टर्ब्युलन्सच असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे यात एकाच मापाचे भोवरे नसतात. मोठा भोवरा मोडून मधले होतात, मधल्याचे लहान, लहानांचे अजून लहान, पाचशेची नोट मोडत मोडत शेवटी चिल्लर हातात यावी तसं, आणि चिल्लर इतकी बारीक झाली की पाण्याचा चिकटपणा ती गिळून टाकतो, म्हणजे गतीची उष्णता होते. १९२२ मध्ये लुईस फ्राय रिचर्डसन या हवामानवाल्यानं यावर चार ओळींची गमतीची कविताच केली होती. मग १९४१ मध्ये रशियात कोल्मोगोरोव्ह या गणितज्ञानं यातून गणित काढलं, की मधल्या मापांच्या भोवऱ्यांना वरून ऊर्जा किती येते तेवढंच माहीत असतं, ती कुठून आली आणि खाली कशी संपणार याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं, म्हणून मधल्या टप्प्यात ऊर्जेची वाटणी सगळीकडे सारख्याच नियमानं व्हायला पाहिजे. तो नियम स्पेक्ट्रमच्या आलेखावर काढला तर रेघेचा उतार उणे पाच-तृतीयांश येतो. रीलमध्ये जे 'सिक्रेट फॉर्म्युला' म्हणतात ते हेच.

माझ्या कामातलं उदाहरण देतो म्हणजे उष्णता होते म्हणजे काय ते कळेल. धरणाच्या सांडव्यावरून पाणी ४० मीटर खाली आलं की पायथ्याला त्याचा वेग घर्षण सोडून दिलं तर सेकंदाला २८ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर. ते तसंच नदीत सोडलं तर तळ उकरून काढेल, म्हणून खाली काँक्रीटचा कुंड बांधतात, त्यात पाण्याला मुद्दाम उसळायला लावतात, त्याला हायड्रॉलिक जंप म्हणतात. पावसाळ्यात लोक तो पांढरा फेसाळ गोंधळ बघायला गर्दी करतात तिथे खरं तर ऊर्जा मारायचं काम चालू असतं. आणि एवढी सगळी ताकद उष्णतेत गेली तरी पाणी तापतं किती, तर एक दशांश अंशसुद्धा नाही. थर्मामीटर घेऊन बसलात तरी हाती काही लागणार नाही, पण नदी वाचते. इथे टर्ब्युलन्स नसता तर आमची वाट लागली असती.

हे लक्षात ठेवून आता चित्राकडे या. व्हॅन गॉगनं ते जून १८८९ मध्ये फ्रान्समधल्या सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना काढलं, कॅनव्हास साधारण ७४ बाय ९२ सेंटिमीटर. टर्ब्युलन्सचा दावा पहिल्यांदा गाजला तो मेक्सिकोतल्या होसे लुईस अरागॉन आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या पेपरमुळे. त्यांनी चित्रातल्या दोन ठिपक्यांच्या उजेडातला फरक घेतला, ठिपक्यांमधलं अंतर बदलत नेलं, आणि त्या फरकांची वाटणी टर्ब्युलन्समधल्या वेगाच्या फरकांच्या वाटणीसारखी दिसते असं मांडलं. कान कापल्यानंतरच्या पाईपवाल्या सेल्फ पोर्ट्रेटमध्ये मात्र तसं दिसलं नाही, मग मानसिक आजाराच्या झटक्यात त्याला टर्ब्युलन्स दिसायचा अशी कहाणी जोडली गेली आणि व्हिडिओवाल्यांनी ती उचलली. ही कहाणी मला अजिबात पटत नाही, आणि पोरांना तर मुळीच सांगू नका. आजारी पडलं की निसर्गाचं गणित दिसतं हे वेड्या प्रतिभावंताचं जुनंच मिथक आहे, त्याला आलेख जोडला म्हणून ते शास्त्र होत नाही.

मग २०२४ मध्ये मुख्यतः चीनमधल्या संशोधकांचा पेपर 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या शोधपत्रिकेत आला, तुमच्या विद्यार्थ्यानं दाखवलेलं रील बहुतेक त्यावरचंच आहे. त्यांनी आकाशातले १४ मुख्य भोवरे घेतले, रंगाच्या उजेडालाच वाऱ्यात मिसळलेल्या धुरासारखं धरलं, स्पेक्ट्रम काढला आणि उतार पाच-तृतीयांशाच्या जवळ आला असं सांगितलं. त्यावर जेम्स रायली आणि मोहम्मद गाद-एल-हक या अमेरिकेतल्या दोन मुरलेल्या फ्लुइडवाल्यांनी आक्षेप घेतला, की चित्रात हवाच नाही, वेग नाही, तर टर्ब्युलन्सचा सिद्धांत लावता कशाला. मी या दोघांच्या बाजूचा आहे, पण माझं कारण थोडं जास्त कामगारी आहे.

कसं ते सांगतो. आम्ही फ्लूममध्ये, म्हणजे काचेच्या लांब कालव्यात, ध्वनीवर चालणारा वेगमापक लावतो, तो सेकंदाला शंभर-दोनशे वेळा वेग टिपतो. त्याचा स्पेक्ट्रम काढून आलेखाच्या दोन्ही अक्षांवर लॉग घेतलं, म्हणजे एक, दहा, शंभर, हजार सारख्या अंतरावर मांडले, की डावीकडे मोठे भोवरे, उजवीकडे लहान, मध्ये उतरती रेघ, आणि अगदी उजवीकडे ती सपाट होते तो यंत्राचा आवाज, पाण्याचा नाही. नवीन आलेली पोरं काय करतात तर मध्ये जरा उतार दिसला की त्यावर पट्टी ठेवून पाच-तृतीयांशाची लाल रेघ मारतात आणि खूश होतात. मी पहिला प्रश्न विचारतो की ही रेघ किती लांब जुळतेय. मापं दहापट बदलेपर्यंतच जुळत असेल तर त्यात दम नाही, निदान शंभरपट तरी पाहिजे, कारण लॉग-लॉगवर थोड्या पट्ट्यात काहीही सरळ दिसतं.

आता चित्रात बघा, सगळ्यात मोठा भोवरा वीतभर-दीड वीत, आणि ब्रशचा फटकारा काही मिलिमीटर रुंद. म्हणजे सगळं मिळून पन्नासपट, फार तर शंभरपट, आणि त्यातली दोन्ही टोकं सोडून द्यावी लागतात कारण टोकाला नियम लागू नसतो. उरतं काय? त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या चित्रात ठळक कडा असतात, म्हणजे गडद निळ्याला लागून एकदम पिवळा, त्या कडांमुळेच स्पेक्ट्रमचा उतार उणे दोनच्या आसपास येतो, हे साधं गणित आहे, त्यात वारा-पाणी काही लागत नाही. उणे पाच-तृतीयांश म्हणजे उणे १.६७. एवढ्याशा पट्ट्यात १.६७ आणि २ वेगळे ओळखू येणं अवघड. झाडाझुडपांच्या साध्या फोटोंच्या स्पेक्ट्रमलाही असाच सरळ उतार सापडतो, हे फोटोंवर काम करणाऱ्यांना कधीचं माहितीय. मग उतार जुळला यावरून व्हॅन गॉगला कोल्मोगोरोव्ह कळला होता असं म्हणणं म्हणजे फारच झालं.

पण मग ते चित्र बघून 'वाहतंय' असं का वाटतं? हा प्रश्न मला दाव्यापेक्षा जास्त आवडतो. माझा अंदाज, आणि हा अंदाजच आहे, की आपल्या डोळ्याला मापांची उतरंड ओळखता येते. मोठ्या वळणात मधलं वळण आणि त्यात बारीक फटकारे, सगळे प्रवाहाच्या दिशेनं. डोळ्याला उतार १.६७ आहे का २ हे कळत नाही, पण मधलं एखादं माप गायब असेल तर लगेच खटकतं.

याचा पुरावा पिक्चरमध्ये आहे. जुन्या सिनेमांत छोटं मॉडेल वापरून जहाज बुडवायचे तेव्हा लगेच कळायचं की हे टबमधलं आहे. का? पाण्याचे थेंब आणि फेस मॉडेलबरोबर लहान होत नाहीत, थेंब थेंबाएवढाच राहतो, आणि मोठ्या लाटेपासून बारीक फेसापर्यंतची उतरंड आखूड पडते. त्यावर उपाय म्हणून शूटिंग जास्त वेगानं करून हळू दाखवतात, मॉडेल २५ पट लहान असेल तर कॅमेरा ५ पट वेगानं, वर्गमूळाचा हिशोब, आणि मजा म्हणजे धरणाच्या मॉडेलला आम्ही लावतो तोच हा हिशोब. आमच्याकडेही तीच अडचण असते, ५० पट लहान मॉडेल केलं की रेनॉल्ड्स नंबर साडेतीनशे पट घसरतो, बारीक भोवरे गळून जातात. फरक एवढाच की आम्हाला बारीक भोवरे दिसायलाच हवेत असं नसतं, मोठे बरोबर आले की काम भागतं. पुण्याजवळ खडकवासल्याला सीडब्ल्यूपीआरएसमध्ये, ही पाण्यावर संशोधन करणारी १९१६ पासूनची सरकारी संस्था, धरणांची अशी मॉडेलं उघड्यावर आणि शेडमध्ये बांधलेली असतात. कधी शाळेची सहल काढता आली तर चौकशी करा.

आणि पॉप कल्चरमध्ये कोल्मोगोरोव्ह खरंच कुठे आहे सांगू? हल्लीच्या पिक्चरमधल्या धुरात आणि स्फोटात. कॉम्प्युटरवर धूर ढोबळ जाळीत सोडवायचा आणि जे बारीक भोवरे जाळीत मावत नाहीत ते कोल्मोगोरोव्हच्या नियमाप्रमाणे वरून घालायचे, ही 'वेव्हलेट टर्ब्युलन्स' नावाची पद्धत थिओडोर किम आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काढली आणि तिला २०१३ मध्ये ऑस्करवाल्यांचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. त्या स्फोटात पाच-तृतीयांश नियम अक्षरशः हातानं घातलेला असतो. रीलवाल्यांनी यावर रील केलं असतं तर मी स्वतः फॉरवर्ड केलं असतं.

हायझेनबर्गचं वाक्य. देव भेटला तर सापेक्षता का आणि टर्ब्युलन्स का हे दोन प्रश्न विचारीन आणि पहिल्याचं उत्तर मिळेल अशी खात्री आहे, असं तो म्हणाला अशी गोष्ट फिरते. अगदी असंच, फक्त सापेक्षतेऐवजी क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स, म्हणजे प्रकाश आणि विजेचा क्वांटम सिद्धांत, घालून, होरेस लॅम्ब या इंग्लिश गणितज्ञाच्या नावावरही सांगतात, १९३२ मधलं, आणि मला लॅम्बची आवृत्ती जास्त विश्वासाची वाटते. हायझेनबर्गला ते चिकटलं याचं कारणही समजण्यासारखं आहे, त्याची १९२३ ची म्युनिकची पीएचडी खरोखरच प्रवाह अस्थिर कसा होतो यावर होती, क्वांटमवर नव्हे. कोण बोललं ते सोडा, पण 'कुणालाच कळत नाही' हा जो अर्थ काढतात तो दिशाभूल करणारा आहे.

समीकरणं आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून आहेत, नेव्हिए १८२२ आणि स्टोक्स १८४५. न सुटलेलं काय, तर ही समीकरणं तीन मितींत कायम गुळगुळीत उत्तर देतात का मध्येच बिघडतात हे कुणी सिद्ध केलेलं नाही, त्यावर अमेरिकेतल्या क्ले इन्स्टिट्यूट या गणिताच्या संस्थेनं २००० मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलंय. हा झाला गणितज्ञांचा प्रश्न. आमचा प्रश्न वेगळा, समीकरणं आहेत पण सांडव्यासारख्या मोठ्या प्रवाहात मिलिमीटरपेक्षा बारीक भोवऱ्यापर्यंत सगळं सोडवायचं तर जगातला कुठलाही कॉम्प्युटर पुरत नाही. म्हणून आम्ही बारीक भोवऱ्यांचा सरासरी परिणाम अंदाजी सूत्रांनी घालतो, ती सूत्रं प्रयोगांशी ताडून घेतलेली असतात, आणि कुठे चालतात कुठे फसतात हे अनुभवानं माहीत असतं. सरळ पाइपात दाब किती पडेल हे मी छातीठोक सांगतो, तीव्र वळणामागे प्रवाह भिंतीपासून सुटतो तिथे मॉडेल बांधल्याशिवाय सही करत नाही. विषय कळलेला आहे का याचं उत्तर तुम्ही काय विचारताय त्यावर आहे.

त्यातच फुलपाखराचा गोंधळ. लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाच्या १९७२ च्या भाषणाच्या शीर्षकात ब्राझीलमधलं फुलपाखरू आणि टेक्सासमधलं वादळ आलं आणि तेव्हापासून केऑस, म्हणजे सुरुवातीच्या बारीक फरकानं पुढचं सगळं बदलणं, आणि टर्ब्युलन्स एकच समजले जातात. टर्ब्युलन्समध्ये केऑस असतो, पण उलट नाही, लॉरेन्झचं १९६३ चं मॉडेल फक्त तीन बदलत्या राशींचं होतं, त्यात ना भोवऱ्यांची उतरंड ना ऊर्जेची मोडतोड.

राहिलं विमान. हो, तोच टर्ब्युलन्स, फक्त विमानाला सगळी मापं जाणवत नाहीत. भोवरा कित्येक किलोमीटरचा असेल तर विमान अख्खं हळू वर-खाली होतं, वीतभर असेल तर पंखाला कळतही नाही, विमानाच्या मापापासून साधारण किलोमीटरभरापर्यंतचे भोवरे हाडं खिळखिळी करतात. 'एअर पॉकेट' म्हणून हवेत खड्डा वगैरे काही नसतो, हवा वर किंवा खाली जोरात सरकत असते. आपल्याकडे हे जास्त करून ढगांमुळे, पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये. मे २०२२ मध्ये मुंबईहून दुर्गापूरला जाणाऱ्या विमानात असंच होऊन बरेच प्रवासी जखमी झाले होते. निरभ्र आकाशातलाही असतो, तो उंचावरच्या जेट प्रवाहाजवळ, म्हणजे फार वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याजवळ, आणि रेडिंग विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासाप्रमाणे उत्तर अटलांटिकवर तीव्र स्वरूपाचा असा टर्ब्युलन्स १९७९ ते २०२० मध्ये ५५ टक्क्यांनी वाढलाय.

बातम्या मात्र जपून वाचा. २१ मे २०२४ ला लंडन-सिंगापूर विमान म्यानमारवर टर्ब्युलन्समध्ये सापडलं, एका प्रवाशाचा मृत्यू झाला, आणि सगळीकडे छापून आलं की विमान ६००० फूट कोसळलं. प्राथमिक चौकशी अहवालात काय निघालं, तर झटक्यात उंची कमी झाली १७८ फूट, साडेचार सेकंदांच्या आसपास. ते ६००० फूट पायलटनं नंतर नीट ठरवून खाली आणलं ते. पण त्या काही सेकंदांत विमान खाली खेचलं गेलं आणि पट्टा न बांधलेली माणसं छताला आपटली. तेव्हा पट्टा बांधायचा दिवा बंद असला तरी पट्टा सैल का होईना लावून ठेवा.

वर्गात काय करायचं ते शेवटी. 'स्टारी नाईट' दाखवाच, पण शेजारी लिओनार्डोची पाण्याची रेखाटनं ठेवा, १५१० च्या आसपासची, विंडसरच्या संग्रहातली, नेटवर चांगल्या प्रतीत मिळतात. तो खरोखर पाण्याजवळ बसून बघत होता. पाण्याची गती केसांसारखी आहे असं त्यानं लिहून ठेवलंय, एक ओढ वजनाची आणि एक कुरळेपणाची, तशी पाण्याला एक मुख्य प्रवाहाची आणि दुसरी भोवऱ्यांची. आम्ही आजही हिशोब करताना वेगाचे असेच दोन भाग करतो, सरासरी आणि चढउतार, तेव्हा लिओनार्डोबद्दल पोरांना बिनधास्त सांगा.

आणि पोरांना काढायला लावा. एक उदबत्ती, मागे काळा कागद, बाजूनं टॉर्च. धूर काही अंतर सरळ जातो, मग नागमोडी होतो, मग फुटतो, ती फुटण्याची जागा पेन्सिलीनं धरायला सांगा आणि त्याच्या वरचं प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं काढू दे, मोठं वळण आधी, बारीक नंतर. फक्त पंखा बंद करा आणि दारं-खिडक्या लावून घ्या, वर्गात चाळीस पोरं श्वास घेत असतात तेवढ्यानंही धूर हलतो, म्हणून उदबत्तीपासून दोन हात लांब बसवा.